दीड किलो काळी पूड आणि पाच लिटर बेचव पाणी

वसईला लोक किल्ला बघायला जातात, समुद्रावर जातात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला जातात. मी गोळ्या पाडून आणायला गेले. या कामासाठी सोलापूरहून वसई गाठणारी मी बहुधा पहिलीच, म्हणून परत आल्यावर हे लिहून ठेवते आहे. पुढेमागे कुणाला जायची वेळ आली तर निदान पाण्याच्या बाबतीत तरी तो सावध राहील.

गोळ्या कसल्या, ते आधी सांगते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि येत्या मे अखेरीला निवृत्त होते आहे. गेली काही वर्षं रविवार आणि सुट्ट्या खर्ची घालून मी एक उत्प्रेरक बनवते आहे. उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. स्वतः बोहल्यावर चढत नाही, पण त्याच्यावाचून जमतही नाही. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि पाण्याची वाफ ही माझी दोन स्थळं. नुसती शेजारी बसवली तर एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. पण सेरियम ऑक्साइडच्या पुडीवर तांब्याचे अतिशय बारीक कण बसवले आणि दोघांना गरमागरम त्यावरून सोडलं, की विषारी वायूचा साधा कार्बन डायऑक्साइड होतो आणि वाफेतला हायड्रोजन मोकळा होतो. तो इंधन म्हणून वापरता येतो. सेरियम आपल्या अंगचा ऑक्सिजन एका हाताने देतं आणि वाफेकडून दुसऱ्या हाताने परत घेतं. तांबं शेजारी बसून हे देणंघेणं घडवून आणतं. वर्गात हे सांगताना मी इतकी रंगते की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात.

तांब्याला एक गोष्ट मात्र अजिबात सोसत नाही, ती म्हणजे मीठ. मिठातला क्लोरीन जरासा जरी लागला तरी तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम सोडून बसतात. हे वाक्य लक्षात ठेवा.

पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत या उत्प्रेरकाची चाचणी घ्यायला मला पाळी मिळाली होती, मंगळवारची. त्यांच्या भट्टीत पूड चालत नाही, वायूच्या झोताने उडून जाते. गोळ्या लागतात, त्याही किमान सातशे ग्रॅम. मंगळवार चुकला तर पुढच्या वर्षापर्यंत जागा नव्हती, आणि पुढच्या वर्षी मी घरी पापड लाटत असणार. माझ्याकडे पूड होती दीड किलो, आणि तेवढी बनवायला मला वर्ष लागलं होतं. मोठे कारखाने दीड किलोसाठी यंत्र धुवायलाही तयार नव्हते. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याने वसई पूर्वेच्या एका गाळ्याचा नंबर दिला. तिथे कापराच्या वड्या पाडतात. मालक फोनवर म्हणाले, "आना तुमी. मशीन धुवून ठेवतो."

शुक्रवार, भुईगाव

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात पूड घेऊन मी तो डबा मांडीवर धरून बसले होते. समोरच्या बाईंनी बराच वेळ बघून शेवटी हळूच विचारलं, "अस्थी आहेत का हो?" मी नाही म्हटलं तरी त्यांनी डब्याला नमस्कार केला. पायाशी होता पाच लिटरचा पांढरा कॅन, आमच्या प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्याचा. म्हणजे उकळून, वाफ करून, ती वाफ पुन्हा थंड करून मिळवलेलं पाणी. त्यात मीठ नाही, क्षार नाही, काहीही नाही. गोळ्या पाडायच्या आधी पूड भिजवावी लागते आणि त्यासाठी परक्या गावच्या पाण्यावर विसंबायची माझी तयारी नव्हती.

उतरले वसईजवळच्या भुईगावात, फिलोमिनाकडे. ती पुण्याच्या हॉस्टेलमधली माझ्या खोलीतली मैत्रीण, आता शाळेतून निवृत्त. भुईगावच्या गल्ल्या इतक्या अरुंद की रिक्षावाल्याने वळणावर आरसे आत दुमडले. दोन्ही बाजूंना केळी, मधूनच एखादा क्रूस, आणि त्याच्या पलीकडच्या अंगणात तुळस. फिलूचा नवरा बस्त्याव फाटकात उभा होता. वाडीत केळी आणि फुलं काढणारा उंच, हसरा गृहस्थ.

"कुंदाबाई, हे काय आणलंत? राखुंडी?" डब्यात डोकावून त्यांनी विचारलं.

"तांबं आहे. सेरियमवर बसवलेलं."

"मग दात चांगले निघत असतील," ते म्हणाले, आणि स्वतःच मोठ्याने हसले.

मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. त्यांनी भाकरी वाजवून बघितली, दाताने तोडून बघितली, आणि शेवटी कोळंबीच्या कालवणात बुडवून ठेवली. त्यांची तांदळाची भाकरी इतकी मऊ की मला ती तोडताना चुकल्यासारखं वाटलं. पण खरी पंगत पाण्याची. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाणी देतो. इथे पाहुण्याला विहिरीवर नेऊन, ताजं शेंदून, समोर उभं राहून प्यायला लावतात आणि तोंडाकडे बघत राहतात.

"कसं आहे?" बस्त्यावनी विचारलं.

"गार आहे."

"गार तर फ्रिजपण देतो. चव कशी आहे?"

सोलापुरात नळाला पाणी कधी येईल याचा हिशोब ठेवण्यात आमचं आयुष्य जातं, चव बघायला सवड कुणाला? मी गोड आहे म्हटलं. ते प्रसन्न झाले. आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या झाल्या तरी त्यांची झाली नाही, हे त्यांनी मला त्या संध्याकाळी तीन वेळा सांगितलं.

शनिवार, कापराच्या गाळ्यात

गाळा शोधायला पत्त्याची गरजच पडली नाही. इमारतीच्या जिन्यातच देवघराचा वास यायला लागला. आत एक माणूस यंत्राला सुती फडक्याने पुसत होता. साठीच्या पुढचे, बुटके, पांढऱ्या मिशांचे. हेच मालक, हरेश्वर भोईर. राहणारे जवळच्याच जूचंद्र गावचे. घरची भातशेती आणि खाडीकाठी मिठागर, म्हणजे समुद्राचं पाणी उन्हात आटवून मीठ काढायची जागा. मिठागर बंद पडलं तेव्हा यांनी गोळ्या पाडायचं जुनं यंत्र आणून हा धंदा उभा केला. मीठ म्हटल्याबरोबर मी दोन पावलं मागे सरकले.

"घाबरू नका म्याडम," ते म्हणाले. "मीठ सोडून पंचवीस वर्सं झाली. दोन दिवस मशीन धुतोय. नाक लावा."

मी खरंच नाक लावलं. कापराचा वास नव्हता.

त्या दिवशी नुसत्या सेरियम ऑक्साइडची, तांबं न बसवलेली, थोडी पूड वापरून रंगीत तालीम करायची होती. हरेश्वरभाऊंनी माझा कॅन उघडला, झाकणात चार थेंब घेतले आणि सरळ जिभेवर टाकले.

मी किंचाळलेच. गेली तीस-बत्तीस वर्षं पहिल्या दिवशी पहिल्या तासाला मी एकच नियम सांगते: प्रयोगशाळेत काहीही तोंडाला लावायचं नाही. एका मुलाला साखर चाखली म्हणून मी वर्गाबाहेर काढलं होतं.

"भाऊ, असं चाखायचं नसतं!"

"पानी हाय ना?"

"पाणीच आहे, पण तरी."

"मंग? माझा बापूस मिठागरावर कोंडीतलं पानी बोटावर घेऊन जिभेला लावायचा नि सांगायचा, मीठ परवा पडंल. परवाच पडायचं. मना तीच सवय." मग त्यांनी पुन्हा ओठ चाटले. "तुमच्या पान्याला कायच नाय हो. तोंडात पानी हाय का नाय तेच कलत नाय."

"तसंच पाहिजे. आणि माझ्यासमोर पुन्हा चाखायचं नाही."

"बरं," ते म्हणाले. मान खाली घालून हसले असावेत.

पूड किती भिजवायची याचं त्यांचं माप मुठीत होतं. मुठीत दाबली की लाडू व्हायला पाहिजे आणि लाडवाला बोट लावलं की त्याचे नेमके दोन तुकडे पडायला पाहिजेत. तीन पडले तर कोरडी, एकच राहिला तर ओली. मग चाळणीतून घासून रवाळ दाणे करायचे, भट्टीत सुकवायचे, साच्याला चिकटू नयेत म्हणून थोडं ग्रॅफाइट लावायचं आणि यंत्रात टाकायचे. संध्याकाळी तीनशे फिक्या पिवळ्या गोळ्या ताटात पडल्या. एक मी जमिनीवर आपटली. फुटली नाही. मला हरेश्वरभाऊंच्या पाया पडावंसं वाटलं.

निघताना ते म्हणाले, "कॅन हितंच ठेवा. उद्या पुन्ना कशाला उचलता?"

"नको," मी म्हटलं. उघडच होतं, की माझा त्यांच्या गाळ्यावर विश्वास नव्हता. नळाला बोअरचं खारं पाणी, रात्री कुणी चुकून कॅन वापरला तर? पूड आणि कॅन दोन्ही उचलून मी भुईगावला घेऊन गेले, जिथे कुणी त्यांना हात लावणार नव्हतं.

रविवार सकाळ, पुन्हा गाळ्यात

सकाळी फिलू आणि बस्त्याव मिस्साला चर्चमध्ये गेले, मी साडेआठला गाळ्यात. कालची तालीम बघून सगळं आलं असं समजून आजचं काम मीच करणार होते. वर्षभर सांभाळलेली पूड दुसऱ्याच्या मुठीत द्यायला माझं मन धजेना. हरेश्वरभाऊ यंत्राचे साचे बसवत होते. मी अर्धी पूड, साडेसातशे ग्रॅम, परातीत काढली, कॅनमधलं पाणी शिंपडत शिंपडत मळली, लाडू केला, बोट लावलं. नेमके दोन तुकडे. मी जोरात "बघा!" म्हणून ओरडले.

"झ्याक," ते म्हणाले. मग उरलेल्या अर्ध्या पुडीसाठी मी दुसरी परात ओढली. कॅनचं झाकण त्यांच्या हातात होतं. माझी पाठ वळली आहे असं समजून त्यांनी ते हळूच जिभेला लावलं.

"भाऊ!"

ते ओशाळले नाहीत. झाकण हातात धरून उभेच राहिले.

"म्याडम, हे कालचं पानी नाय."

"म्हणजे?"

"कालच्याला कायच नव्हतं. ह्याला गोडी हाय."

पिशवीत सिल्व्हर नायट्रेटची छोटी तपकिरी बाटली होती. पाण्यात क्लोराइड असेल तर त्याच्या थेंबाने पाणी दुधाळ होतं, नसेल तर स्वच्छ राहतं. मी परीक्षानळीत कॅनमधलं पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. ताकाचं पाणी दिसतं तसं ते पांढुरकं झालं.

पुढे मी जे बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "मी हात धुवायला गेले तेव्हा तुमच्या इथल्या कुणीतरी बोअरचं पाणी ओतलं. मला माहीत होतं असं होणार. चार पैशांच्या कापरवड्या पाडणाऱ्यांना हे सोपवायलाच नको होतं."

हरेश्वरभाऊंनी झाकण कॅनवर ठेवलं, फिरवून घट्ट केलं. "आज रविवार हाय. हितं तुमी नि मी दोगंच हाव. नि कॅन तुमच्याबरोबर घरी गेलता." एवढंच बोलले आणि साच्याचा स्क्रू आवळायला लागले.

मी फिलूला फोन लावला. ती नुकतीच चर्चमधून आली होती. माझं निम्मं बोलणं व्हायच्या आत तिने फोन नवऱ्याकडे दिला, आणि बस्त्याव उत्साहाने म्हणाले, "अहो हो, मीच भरलं! काल रात्री चाखून बघितलं तुमचं पाणी. काही चवच नाही त्याला, मेलेलं पाणी! म्हटलं प्रवासात शिळं झालं असेल. तुम्ही म्हणालात ना कामाला लागतं म्हणून? सगळं केळीला घातलं आणि आपल्या विहिरीचं भरून दिलं, पहाटे ताजं शेंदून. आभार नको हो, पाहुण्याला एवढं करायलाच पाहिजे."

मी जमिनीवर बसले. वर्षभराचं निम्मं काम परातीत भिजून पडलं होतं, आणि ते बिघडवणारा माणूस माझ्या आभारांची वाट बघत होता. मला रडू आलं आणि हसूही आलं. कुठलं आधी आलं ते आठवत नाही.

मग उठून मी हरेश्वरभाऊंची माफी मागितली. तीही ओरडून, कारण मला हळू बोलता येत नाही. "चूक माझी आहे! तुमच्यामुळे अर्धी पूड वाचली! मी काय बोलले ते विसरा!"

"इसरलो," ते म्हणाले. "पन आता तुमचं ते कायच-नाय-पानी आनायचं कुठनं?"

उरली होती साडेसातशे ग्रॅम. भट्टीला सातशे पाहिजे. म्हणजे आता एक मूठसुद्धा सांडून चालणार नव्हती. दुकानं रविवारची बंद. एका गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं पाणी मिळालं, दोन थेंब टाकले, तेही पांढुरकं. गॅरेजवाल्याने माझ्याकडे आणि माझ्या बाटलीकडे असं बघितलं, जणू मीच त्याचं पाणी बिघडवलं.

"तुमी सोलापूरला कसं बनवता?" हरेश्वरभाऊंनी विचारलं.

"उकळायचं, वाफ नळीतून न्यायची, नळी गार करायची. बस."

"कुकरला शिट्टी नसली की वाफ येतेच की," ते म्हणाले. "चला घरी."

रविवार दुपार, जूचंद्र

नव्या उंच इमारतींच्या मधून रस्ता एकदम गावात शिरतो आणि अंगणं सुरू होतात. हरेश्वरभाऊंच्या दारात त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, रांगोळीत एक मोर काढला होता. मी तो खरा पक्षी समजून बाजूने गेले. जूचंद्रला घरोघर असे हात आहेत, हे मला नंतर कळलं.

नवऱ्याने घरात शिरताच दोन्ही कुकर मागितले तेव्हा सुमनबाई म्हणाल्या, "भात कशात करू?"

"आज टोपात कर. ह्या म्याडमना पानी बनवायचंय."

"नळाला पानी हाय की."

"ते नको. कायच नसलेलं पायजे."

बाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं, पण कुकर काढून दिले. शेजारच्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नवी नळी आली, मासळीवालीकडून बर्फ. कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी, रबरी नळीला तांब्याची, तांब्याची वेटोळी करून बर्फाच्या घमेल्यात, आणि शेवटचं टोक धुतलेल्या बाटलीत. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरायचा नाही, नाहीतर उकळी उडून मीठही वाफेबरोबर नळीत जाईल, हे मी सतरा वेळा बजावलं. तांब्याच्या कामासाठी तांब्याचीच नळी मिळाली याचा मला लहान मुलासारखा आनंद झाला.

पहिली वाटीभर आली ती फोडणीच्या वरणाच्या वासाची. ओतून दिली. दुसरीला हिंगाचा वास. तीही ओतली. तिसऱ्या वाटीला वास नव्हता. सगळं घर जमलं, फ्रिजवाला जमला. मी परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि उजेडाकडे धरली. स्वच्छ. काचेइतकं स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला.

मी नळी हरेश्वरभाऊंसमोर धरणार होते, पण त्यात आता सिल्व्हर नायट्रेट होतं. म्हणून बाटलीतले चार थेंब त्यांच्या तळहातावर घातले. "चाखा," मी म्हटलं.

त्यांनी चाखलं, डोळे मिटले.

"कायच नाय," ते म्हणाले, आणि सुमनबाईंनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली. बस्त्याव, चर्चच्या इस्त्रीच्या शर्टात, पुढे पायाशी दोन कॅन. फिलूने फोनवर माझ्याकडून पत्ता घेऊन त्यांना घडलेलं समजावून सांगितलं होतं. चेहरा पार उतरलेला.

"कुंदाबाई, फिलू म्हणते आमच्या पाण्यात मीठ आहे. आजोबांपासून पितोय आम्ही. कुणी आजवर असं म्हटलेलं नाही. दाखवा मला."

मला दाखवायचं नव्हतं. पण ते हटेनात. त्यांच्या विहिरीच्या पाण्यात मी दोन थेंब टाकले. पांढुरकं. ते नळीकडे इतका वेळ बघत राहिले की मला आपल्या शास्त्राचाच राग आला. पुडीपेक्षा त्या क्षणी मला त्यांचं जास्त वाईट वाटलं, हे खरं सांगते.

हरेश्वरभाऊंनी त्यांच्या कॅनमधून पेलाभर पाणी घेतलं आणि घटाघटा न पिता, एकेक घोट तोंडात फिरवत संपवलं.

"कुठची विहीर?"

"भुईगाव. वाडीतली."

"मी मिठागरवाला हाय. माझ्या जिभेला फसवता येत नाय. ह्यात मीठ हाय," ते म्हणाले, "पन इतकंच हाय की पानी गोड लागतं. अजाबात नसलं तर काय होतं, बगा." आणि त्यांनी आमच्या कुकरचं पाणी पेल्यात ओतून बस्त्यावना दिलं.

बस्त्यावनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे तर कालचंच मेलेलं पाणी!"

"तेच ते. मशीनला असलं पायजे. मानसाला तुमचं. आमाला येक कॅन ठेवून जावा."

बस्त्याव हसले. इतके हसले की इस्त्रीच्या शर्टावर पाणी सांडलं. दोन्ही कॅन त्यांनी सुमनबाईंच्या ओट्यावर ठेवले आणि जेवायला बसले. तांदळाची भाकरी, खाडीतल्या निवट्यांचं झणझणीत कालवण, आणि बस्त्यावनी पिशवीतून काढलेली वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. एका माशाच्या काट्याने माझा घसा धरला तेव्हा दोन्ही पाणीवाल्यांनी एकदमच आपापला पेला पुढे केला. मी बस्त्यावचा घेतला.

जेवणानंतर सगळेच गाळ्यात आले. पूड या वेळी हरेश्वरभाऊंनी भिजवली. मी हात मागे बांधून उभी राहिले, आणि ते मला फार जड गेलं. दाणे चाळणीतून घासायला सुमनबाई बसल्या. रांगोळीची चिमूट सोडणारी बोटं ती. एकही दाणा बाहेर सांडला नाही. बस्त्याव मिनिटामिनिटाला विचारत होते, "झालं?" दिवेलागणीच्या सुमाराला शेवटची काळी गोळी ताटात पडली. वजन केलं. सातशे तेवीस ग्रॅम.

खारावलेली पूड मी वेगळ्या डब्यात भरून घेतली, धुवून बघायला. हरेश्वरभाऊ माझा कॅन कुकरच्या उरलेल्या पाण्याने भरायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या, पुण्यात मिळेल.

बुधवार, पुणे

मंगळवारी गोळ्या भट्टीत भरल्या, रात्रभर थोडा थोडा गरम हायड्रोजन सोडून तांब्याला जागं केलं आणि बुधवारी सकाळी वायू आणि वाफ सोडली. पहिला तास काही कळत नाही. दुसऱ्या तासाला पडद्यावरची कार्बन मोनॉक्साइडची रेघ खाली यायला लागली आणि हायड्रोजनची वर. मी खुर्चीच्या कडेवर बसून होते. खाली आलेली रेघ पुन्हा वर उसळेल या भीतीने मी इतका वेळ चहासुद्धा घेतला नाही. दुपार झाली, रेघ तळाशी जाऊन सरळ झाली आणि सरळच राहिली. तिथला तरुण शास्त्रज्ञ म्हणाला, "मॅडम, गोळ्या अजिबात फुटलेल्या नाहीत. कुठे पाडल्यात?" मी सांगितलं, कापराच्या गाळ्यात, आणि मग मला सगळ्यांसमोर रडू कोसळलं. तेवढ्या वर्षांचे रविवार त्या एका सरळ रेघेत होते.

डोळे पुसून हरेश्वरभाऊंना फोन लावला. मागे यंत्राचा खडखडाट. कापरवड्या सुरू झाल्या होत्या.

"भाऊ, चाललं! हायड्रोजन आला! गोळ्या टिकल्या!"

"आला ना? बरं झालं ताई." आजवर म्याडम होते, आता ताई झाले. मग त्यांना काहीतरी सुचलं. "थांबा. भट्टीत वाफेला पानी कुठचं घातलंत?"

"इथलंच. यांचं ऊर्ध्वपातित."

"चाखलंत?"

मी भिंतीकडे बघितलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, की प्रयोगशाळेत खाणंपिणं सक्त मना आहे. तरुण शास्त्रज्ञ पडद्याकडे बघत होता. मी पाण्याच्या बाटलीच्या तोंडाला करंगळी लावली आणि जिभेवर टेकवली.

"काय लागलं?" हरेश्वरभाऊंनी विचारलं.

"काहीच नाही."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले.